लॅपटॉपवर नोट्स घ्या, पण अख्खं लेक्चर टाइप करू नका

नवीन बॅच आली की सुरुवातीच्या काही दिवसांत कुणीतरी विचारतंच, "ताई, नोट्स वहीत काढू की लॅपटॉपवर?" मी ज्युनिअर्सच्या प्रॅक्टिकलला मदतीला असते त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि तो उभ्याउभ्या दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाहीये, कारण विचारणाऱ्याला वही किंवा लॅपटॉप असं एकच नाव ऐकायचं असतं आणि खरं उत्तर तसं एका नावात बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की ही लिंक देईन.

माझं मत आधीच सांगून टाकते. लॅपटॉप घ्या, काही हरकत नाही. पण तासभर सर जे बोलतील ते जसंच्या तसं टाइप करत बसणार असाल तर त्या नोट्स तुमच्या फारशा कामाच्या नाहीत, आणि मधेच दुसरा टॅब उघडणार असाल तर तुमचं नुकसान होईलच पण तुमच्या मागे बसलेल्याचंही होईल. हा दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

आधी नोट्सचं बघू. बायोकेमिस्ट्रीचं लेक्चर धरा, विषय एन्झाइम इनहिबिशन, म्हणजे एन्झाइमचं काम एखाद्या पदार्थामुळे (इनहिबिटरमुळे) अडणं. मॅडम साधारण असं बोलतात, की कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह साइटवरच जाऊन बसतो म्हणजे सबस्ट्रेटची (ज्यावर एन्झाइम काम करतं त्या पदार्थाची) जागाच अडवतो, त्यामुळे सबस्ट्रेट भरपूर वाढवलं तर इनहिबिटर मागे हटतो, म्हणून व्हीमॅक्स (प्रक्रियेचा कमाल वेग) तेवढाच राहतो पण केएम (त्याच्या निम्म्या वेगाला लागणारं सबस्ट्रेटचं प्रमाण) वाढतो, आणि नॉन-कॉम्पिटिटिव्हमध्ये तो दुसऱ्याच जागी बसतो, तिथे सबस्ट्रेट कितीही वाढवा काही फरक पडत नाही, व्हीमॅक्स कमी होतो आणि केएम आहे तसाच राहतो. हे बोलता बोलता फळ्यावर दोन लाइनविव्हर-बर्क आलेख (वेग आणि सबस्ट्रेटचं नातं सरळ रेषेत दाखवणारे) पण काढून होतात, पहिल्यात रेषा उभ्या अक्षावर एका बिंदूत भेटतात आणि दुसऱ्यात आडव्या अक्षावर.

आता टायपिंगचा स्पीड चांगला असलेल्या मुलीची फाइल बघितली तर हा सगळा परिच्छेद तिथे असतो, जवळजवळ शब्दन् शब्द, "म्हणजे बघा" सुद्धा असतं. आलेख नसतात, त्यांच्या जागी "डायग्राम बघणे" एवढंच. शेजारच्या मुलाच्या वहीत तीन ओळी असतात. "कॉम्पि. → जागा अडवतो → सबस्ट्रेट वाढवलं की हटतो → व्हीमॅक्स तोच, केएम ↑." खाली "नॉन → दुसरीकडे बसतो → व्हीमॅक्स ↓, केएम तोच." मग दोन वाकडेतिकडे आलेख, रेषा जिथे भेटतात तिथे गोल केलेला, आणि समासात बारीक अक्षरात "दोन्ही बदलले तर??"

तो समासातला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हीमॅक्स आणि केएम दोन्ही बदलतात असेही प्रकार असतात, जसं मिक्स्ड इनहिबिशन, आणि मॅडम त्यांच्यावर नंतर येणारच असतात. पण त्या मुलाच्या डोक्यात तो प्रश्न आधीच उभा राहिला, म्हणजे तो ऐकता ऐकता विचार करत होता. टाइप करणाऱ्या मुलीला तेवढी उसंतच मिळाली नाही, तिचं लक्ष वाक्य पूर्ण करण्यात होतं. ती आळशी नाही, उलट त्या तासात तिने कदाचित सगळ्यात जास्त मेहनत केली असेल, पण ती मेहनत गेली उतरवून घेण्यात.

ह्याच्यामागे साधं गणित आहे. माणूस बोलतो मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्दांच्या आसपास. हाताने लिहायला गेलं तर मिनिटाला वीस-पंचवीस शब्द झाले तरी खूप. म्हणजे वहीत सगळं उतरवणं शक्यच नाही, तुम्हाला सतत ठरवावं लागतं की हे घेऊ, हे सोडू, हे माझ्या शब्दांत लिहू. कीबोर्डवर चाळीस-पन्नास किंवा जास्तही शब्द होतात, तरी सगळं मावत नाही पण पुरेसं मावतं, आणि मग न ठरवता नुसतं टाइप करत राहायचा मोह होतो. म्हणजे पेनात काही जादू नाहीये. पेन हळू चालतं आणि त्याचा हळूपणा तुम्हाला निवड करायला लावतो, एवढंच.

आणि इथे मला त्या फॉरवर्ड होत राहणाऱ्या मेसेजबद्दल बोलायचंय, "हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं हे सायन्सने सिद्ध केलंय" वाला. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा २०१४ सालचा एक अभ्यास असतो, पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना टेड टॉक दाखवले, काहींना वही दिली, काहींना इंटरनेट नसलेला लॅपटॉप, आणि नंतर प्रश्न विचारले. पहिल्या प्रयोगात नुसत्या माहितीच्या प्रश्नांवर दोन्ही गट सारखेच होते, पण संकल्पना समजली का हे बघणाऱ्या प्रश्नांवर वहीवाले पुढे गेले. लॅपटॉपवाल्यांच्या नोट्समध्ये शब्द जास्त होते आणि वक्त्याचीच वाक्यं जास्त होती. पुढच्या प्रयोगात त्यांनी लॅपटॉपवाल्यांपैकी काहींना मुद्दाम सांगितलं की शब्दशः लिहू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा, तरीही ते शब्दशःच लिहीत राहिले. हे मला पटतं, कारण हात एकदा त्या लयीत लागला की थांबत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही आणि फॉरवर्डमध्ये पुढचं कधीच नसतं. २०१९ मध्ये मोअरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी हेच परत करून बघितलं, वही आणि लॅपटॉपसोबत स्टायलसने लिहायच्या ई-रायटरचा पण गट घेतला, आणि एका प्रयोगात अजिबात नोट्स न घेणाऱ्यांचा पण गट ठेवला. कुठल्याच गटांमध्ये सातत्याने टिकणारा फरक मिळाला नाही. मग २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या टीमने २०१४ चा पहिला प्रयोग जवळजवळ तसाच्या तसा केला. लॅपटॉपवर शब्द जास्त आणि शब्दशः नकल जास्त, हे त्यांनाही दिसलं, पण परीक्षेतल्या मार्कांमध्ये म्हणावा असा फरक नाही. त्यांनी अशाच इतर अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तरी चित्र तेच.

म्हणजे "वही जिंकली" असं म्हणणं आज तरी घाईचं आहे. जे पुन्हापुन्हा दिसतंय ते एवढंच, की लॅपटॉपवर माणूस जास्त आणि शब्दशः लिहितो. त्याचा मार्कांवर किती परिणाम होतो हे लेक्चर संपल्यावर त्या नोट्सचं तुम्ही काय करता ह्यावर खूप अवलंबून असणार, असं माझं मत आहे, आणि प्रयोगात टेड टॉक ऐकून लगेच परीक्षा देणं आणि सेमिस्टरभर शिकून शेवटी पेपर लिहिणं ह्यात बरंच अंतर आहे.

आता लॅपटॉपचं खरं नुकसान जिथे स्पष्ट दिसतं तिकडे येते.

२०१३ साली कॅनडात सना, वेस्टन आणि सेपेडा यांनी एक प्रयोग केला. सगळे विद्यार्थी लॅपटॉपवर नोट्स घेत होते, पण अर्ध्यांना मधेमधे ऑनलाइन छोटी छोटी कामं करायला दिली, लेक्चरशी संबंध नसलेली. त्यांचे मार्क बाकीच्यांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी आले. इथपर्यंत आश्चर्य काही नाही. पण दुसऱ्या भागात त्यांनी वही-पेन घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांना बघितलं. त्यातल्या काहींना अशा जागी बसवलं की समोर कुणाच्या तरी लॅपटॉपवर भलतंच चाललंय ते दिसावं, आणि काहींना अशा जागी की दिसू नये. ज्यांना दिसत होतं त्यांचे मार्क १७ टक्क्यांनी कमी. ह्या मुलांकडे लॅपटॉप नव्हता, ती वहीत लिहीत होती, लेक्चर ऐकत होती, आणि तरीही फटका बसला तो दुसऱ्याच्या स्क्रीनमुळे.

ज्याने कुणी मागच्या बाकावरून लेक्चर ऐकलंय त्याला हे सांगायला नको. समोर सहा-सात स्क्रीन उघडे असतात, एकावर स्कोअर, एकावर कपडे, एकावर कुणाचं तरी चॅट, एक जण स्लाइड वरखाली करतोय, आणि फळा त्या सगळ्याच्या पलीकडे. तुम्हाला बघायचं नसतं पण हललेल्या गोष्टीकडे डोळा जातोच, त्याला इलाज नाही. तुम्ही ज्याचं चॅट वाचलं त्याला पत्ताही नसतो की त्याने तुमची दोन मिनिटं घेतली. मला राग येतो तो इथे. स्वतःचं लेक्चर वाया घालवायचं असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण मागच्याने काय केलं होतं?

अजून एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला, २०१७ मध्ये छापून आलेला. तिथे अर्थशास्त्राच्या प्राथमिक कोर्सच्या तुकड्या तीन प्रकारे चालवल्या, काहींमध्ये लॅपटॉप-टॅबलेटला पूर्ण मोकळीक, काहींमध्ये फक्त टॅबलेट आणि तोही बाकावर आडवा ठेवून म्हणजे शिक्षकाला दिसेल असा, आणि काहींमध्ये काहीच नाही. फायनल परीक्षेत मोकळीक असलेल्या तुकड्यांचे मार्क बिनउपकरणाच्या तुकड्यांपेक्षा ०.१८ स्टँडर्ड डेव्हिएशनने (मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) कमी, आणि आडव्या टॅबलेटवाल्यांनाही जवळपास तेवढाच फटका. लक्षात घ्या, हे लष्करी शिस्तीतले विद्यार्थी, वर्ग छोटे, हजेरी सक्तीची. तिथे असं होत असेल तर मोठ्या हॉलमध्ये काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

मग बंदीच घालावी का? काही शिक्षक घालतात. माझा विरोध आहे, आणि तो "आम्ही मोठे झालोय, आम्हाला ठरवू द्या" ह्या कारणासाठी नाही. वर्गात अशी मुलं असतात ज्यांना हाताने लिहिता येत नाही किंवा पटापट लिहिता येत नाही, कुणाला डिसग्राफिया म्हणजे लिहिण्यातच अडचण असते, कुणाच्या मनगटाला त्रास असतो, कुणाला कमी दिसतं म्हणून अक्षर मोठं करून वाचावं लागतं. सरसकट बंदी घालून "ज्यांना गरज आहे त्यांना सूट" असं म्हटलं की अख्ख्या वर्गात एकच लॅपटॉप उघडा राहतो आणि सगळ्यांना कळतं की ह्याला काहीतरी आहे. ज्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं त्याचं असं जाहीर व्हायला नको. दुसरं म्हणजे जे विद्यार्थी आपल्या भाषेत शिकून आलेत आणि कॉलेजात अचानक दुसऱ्या भाषेतून लेक्चर ऐकतायत, त्यांना सुरुवातीला शब्दशः उतरवून घ्यावंच लागतं, कारण ऐकता ऐकता अर्थ लावणं आणि संक्षेप करणं एकदम जमत नाही. त्यांना घरी जाऊन ते शांतपणे वाचायचं असतं. त्यांच्यासाठी कीबोर्ड हा आधार आहे आणि तो काढून घेणं मला बरोबर वाटत नाही.

ह्यापेक्षा बसायची सोय करा ना. लॅपटॉपवाले सगळे मागच्या रांगांत किंवा एका बाजूला, बाकीचे पुढे. ह्याने लॅपटॉपवाल्यांचं आपसातलं लक्ष विचलित होणं थांबणार नाही, पण ज्याने वही निवडली त्याच्या डोळ्यांसमोर तरी स्क्रीन येणार नाही. मात्र ज्याला त्रासामुळे लॅपटॉप लागतो त्याला मागे पाठवायचं नाही, पहिल्या रांगेच्या कडेची जागा कुणालाही कारण न विचारता मोकळी ठेवायची.

बरं, आता ज्युनिअर्सना खरं हवं असतं ते, म्हणजे लॅपटॉपवर घ्यायच्याच असतील तर कशा घ्यायच्या.

लेक्चर सुरू व्हायच्या आधी वायफाय बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट पण बंद. नोटिफिकेशन म्यूट करून भागत नाही, कारण टॅब समोर असला की हात जातोच. नोट्सची विंडो फुल स्क्रीन आणि ब्राइटनेस कमी, हे मागच्यासाठी. जे काही इंटरनेटवर शोधावंसं वाटेल ते नोट्समध्येच एका ओळीत लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हं टाकायची, म्हणजे लेक्चरनंतर ती प्रश्नचिन्हं सर्च केली की सगळ्या शंका एका जागी मिळतात. ही एक सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीये.

स्लाइड आधी मिळत असतील तर त्या उघडून ठेवा आणि स्लाइडवर जे आहे ते परत टाइप करू नका. फक्त स्लाइडवर नसलेलं लिहा. मॅडमने दिलेलं उदाहरण, "इथे सगळे चुकतात" असं म्हणाल्या ती जागा, कुणी शंका विचारली आणि त्यावर आलेलं उत्तर. ह्या गोष्टी नंतर कुठेच मिळत नाहीत.

वाक्यं लिहू नका, बाण वापरा. कीबोर्डवर बाण काढायला वेळ लागतो तर दोन डॅश आणि एक मोठेपणाचं चिन्ह टाका, काम भागतं. आणि आकृती, आलेख, रासायनिक रचना, गणिताची समीकरणं ह्यांसाठी शेजारी कोरे कागद ठेवाच. लॅपटॉपवर आलेख काढत बसलात तर तो होईपर्यंत लेक्चर पुढे निघून जातं. कागदावर काढा, वर तारीख आणि आकृतीचा नंबर टाका, नोट्समध्ये तोच नंबर लिहा, घरी जाऊन फोटो काढून फाइलमध्ये टाका. नुसता फळ्याचा फोटो काढणं हा ह्याला पर्याय नाही, फोटो गॅलरीत पडून राहतो, पण रेषा स्वतः काढलीत की ती उभ्या अक्षावर का भेटते हा प्रश्न पडतो.

पानाची मांडणी म्हणाल तर १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी काढलेली पद्धत लॅपटॉपवरही छान चालते. पानाचे दोन भाग, उजवीकडे रुंद भागात लेक्चरमधलं, डावीकडे अरुंद भागात नंतर लिहायचे प्रश्न आणि खुणेचे शब्द, खाली दोन-तीन ओळींत सार. दोन कॉलमचं टेबल एकदा बनवून टेम्प्लेट म्हणून ठेवून द्या. खरी मेख ही की डावा कॉलम लेक्चरमध्ये रिकामाच ठेवायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी भरायचा. मग उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची.

ही तोंडी उत्तरं द्यायची पायरी कृपया गाळू नका. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलंय की उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत न बघता आठवून लिहिणारे पुढे जातात. म्हणजे वाचताना "येतंय सगळं" असं जे वाटतं ते फसवं असतं. लॅपटॉपवरच्या भरगच्च नोट्सचा धोका हाच, त्या वाचायला इतक्या सोप्या आणि पूर्ण असतात की वाचून समाधान होतं आणि फाइल बंद होते. मग वही असो की लॅपटॉप, त्या संध्याकाळच्या वीस मिनिटांनी जो फरक पडतो तो कुठल्याही पेनाने पडत नाही असं मी ठामपणे म्हणेन.

आणि आता तर रेकॉर्डिंगवरून आपोआप ट्रान्स्क्रिप्ट बनवणारी अ‍ॅप्स आलीयेत. शिक्षकांची परवानगी असेल तर वापरा, दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्यांना तर ह्याचा खूपच फायदा आहे. पण मग तासभर बसून तेच काम हाताने करण्यात काय अर्थ उरतो? शब्दन् शब्द हवा असेल तर मशीन देईल. कुठलं वाक्य महत्त्वाचं, ते कालच्या लेक्चरला कुठे जोडलं जातं आणि मला त्यात काय कळलं नाही, हे फक्त तुम्हीच लिहू शकता. नोट्स म्हणजे तेवढंच ठेवा.

शेवटी एक विनंती शिक्षकांना. सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही, कारण स्लाइड भराभर पुढे सरकत असतील तर वहीवालाही नकलनवीस होतो. १९८७ मध्येच रुल, ह्यूज आणि श्लॉस यांनी लेक्चरमध्ये तीन वेळा दोन-दोन मिनिटं थांबून बघितलं होतं, त्या वेळात विद्यार्थ्यांनी जोडीने नोट्स पडताळायच्या, आणि न थांबता घेतलेल्या लेक्चरपेक्षा विद्यार्थ्यांना जास्त आठवलं. एकूण सहा मिनिटं. मी ज्या एका कोर्समध्ये हे अनुभवलंय तिथे त्या दोन मिनिटांत वहीवाला लॅपटॉपवालीला सुटलेलं वाक्य विचारायचा आणि ती त्याच्याकडून आलेख उतरवून घ्यायची. तुम्ही सीआर (वर्ग प्रतिनिधी) असाल तर आपल्या सरांना एकदा विचारून बघा, सिलॅबस पुरा होणार नाही म्हणाले तर निदान एका युनिटसाठी करून बघू असं म्हणा.